पगारपत्रक आणि गणकयंत्र : वेतनगणनेच्या यंत्रीकरणाचा एक ऐतिहासिक विचार

१

इतिहासाच्या अभ्यासकांनी ज्या कागदांकडे फारसे लक्ष दिलेले नाही, अशा कागदांत पगारपत्रकाची गणना करावी लागेल. तहनामे आणि सनदा जपून ठेवल्या जातात. पगारपत्रके मुदत संपली की रद्दीत जातात. परंतु मालक आणि कामगार यांच्या संबंधाचे जितके नेमके वर्णन पगारपत्रकाच्या एका ओळीत सापडते, तितके ते जाहीरनाम्यांत किंवा अहवालांत क्वचितच सापडते. मूळ वेतनाचा दर, हजेरी, जादा कामाचे तास, रात्रपाळीचा भत्ता, रजेचे वेतन, कराची व वर्गणीची कपात, उचल आणि तिचा हप्ता असे रकाने त्या ओळीत एकामागून एक येतात. यांतील प्रत्येक रकान्यामागे कधी काळी झालेला एखादा करार, एखादा कायदा, एखाद्या लवादाचा निवाडा किंवा नुसती चालत आलेली वहिवाट उभी असते.

हे पत्रक तयार करण्याचे काम गेल्या सुमारे सत्तर वर्षांत कारकुनाच्या हातून यंत्राकडे गेले. या स्थित्यंतराचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: प्रथम छिद्रपत्रे, मग गणकयंत्र, मग मनुष्यबळ-व्यवस्थापनाच्या सर्वसमावेशक आज्ञावली. ही मांडणी चुकीची नाही. परंतु तिच्या आधारे एका ठळक विसंगतीचा उलगडा होत नाही. १९५४ साली लंडनमधील एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने, आजच्या मानाने अत्यंत दुबळ्या अशा यंत्रावर, आपल्या कामगारांचा साप्ताहिक पगार काढण्यास प्रारंभ केला व तो उपक्रम यशस्वी झाला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, २०१० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात आणि २०१६ साली कॅनडाच्या केंद्र सरकारात, कितीतरी पटींनी समर्थ अशा साधनांनी तेच काम हाती घेण्यात आले व दोन्ही ठिकाणी हजारो कर्मचाऱ्यांना चुकीचा पगार मिळाला किंवा पगारच मिळाला नाही. यंत्राचे सामर्थ्य हेच निर्णायक असते, तर हा क्रम उलटा असावयास हवा होता.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वेतनगणना हे मूलतः अंकगणिताचे काम नसून नियमांचे काम आहे. आणि त्या नियमांचा मोठा भाग लेखी नसून तो पगार काढणाऱ्या कारकुनाच्या जाणकारीत साठलेला असतो. ती जाणकारी आधी कागदावर उतरवून घेऊन मग यंत्राकडे सोपविली गेली, तेथे यंत्रीकरण यशस्वी झाले. ती आहे याचीच जेथे दखल घेतली गेली नाही, तेथे ते फसले. पुढील विवेचन हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी आहे.

२

जे. लायन्स अँड कंपनी ही लंडनमधील चहागृहांसाठी प्रसिद्ध असलेली संस्था. तिचे पहिले चहागृह १८९४ साली पिकॅडिली येथे उघडले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिची दोनशेंहून अधिक चहागृहे, मोठी उपाहारगृहे आणि हॅमरस्मिथ भागात कॅडबी हॉल येथे प्रचंड भटारखाने होते. लाखो छोट्या छोट्या व्यवहारांवर, आणि प्रत्येक व्यवहारातील अत्यल्प नफ्यावर, हा धंदा उभा होता. साहजिकच हिशेबाचा खर्च हा या कंपनीच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न होता. १९२३ साली कंपनीत आलेले जॉन सिमन्स हे केंब्रिजचे गणिताचे पदवीधर. कार्यालयीन पद्धतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग त्यांच्या प्रेरणेने कंपनीत उभा राहिला. कोणता कागद कोठून कोठे जातो, तो का जातो, आणि गेला नाही तर काय बिघडते, हे प्रश्न विचारणे हेच या विभागाचे काम होते. गणकयंत्राचा विचारही कोणाच्या मनात नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व पुढे यंत्र बनविण्यात आले या घटनेहून कमी नाही.

ब्रिटनमधील पगाराच्या हिशेबात १९४४ च्या एप्रिलमध्ये एक मोठी भर पडली. त्या वर्षी मिळकतीवरील कर पगारातूनच कापून घेण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ती संचयी होती. एखाद्या आठवड्याचा कर त्या आठवड्याच्या पगारावरून ठरत नसे. वर्षारंभापासून आजवर मिळालेला एकूण पगार घ्यावयाचा. त्या कामगाराला लागू असलेल्या संकेतांकानुसार आजवरची करमुक्त रक्कम त्यातून वजा करावयाची. उरलेल्या रकमेवर आजवर देय असलेला एकूण कर काढावयाचा. आणि आजवर कापलेला कर त्यातून वजा करून या आठवड्याची कपात ठरवावयाची. मधल्या काळात कामगार आजारी पडला किंवा काम थांबले, तर उत्तर ऋण येई आणि त्याला पैसे परत द्यावे लागत. ही पद्धत कामगाराच्या दृष्टीने न्याय्य होती. पण पगार काढणाऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, प्रत्येक ओळीला आता मागील सर्व आठवड्यांची स्मृती जोडली गेली. एका आठवड्यात झालेली चूक पुढील प्रत्येक आठवड्यात वाहत जाई.

याच्या जोडीला त्या वेळचे चलन होते. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. पगार रोखीने, पाकिटातून दिला जाई. म्हणून पत्रक पूर्ण झाल्यावर किती नोटा, किती नाणी लागतील याची वेगळी बेरीज करून बँकेतून तेवढी मोड आणावी लागे. लायन्सच्या कार्यालयातील अनुभवी कारकुनास एका कामगाराचा पगार काढण्यास सुमारे आठ मिनिटे लागत असत, असे सांगितले जाते. या आठ मिनिटांत बेरीज-वजाबाकी थोडी आणि निर्णयच अधिक असत. मध्यंतरी पाळी बदलली तर कोणता दर लावावयाचा, उचलीचा हप्ता या आठवड्यात कापला तर घरी नेण्यास काही उरेल की नाही, असे ते निर्णय असत.

३

१९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी, रेमंड थॉम्पसन व ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, कार्यालयीन साधने पाहण्यासाठी अमेरिकेस गेले. प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन यांच्याकडून त्यांना समजले की, ज्याच्या शोधात आपण अटलांटिक ओलांडून आलो तसे यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज येथे, मॉरिस विल्क्स बनवीत आहेत. परत आल्यावर लायन्सने केंब्रिजच्या प्रयोगशाळेला तीन हजार पौंडांची देणगी व एक साहाय्यक दिला. ६ मे १९४९ रोजी एडसॅक हे केंब्रिजचे यंत्र चालू झाले. लायन्सच्या संचालकांनी त्याच आराखड्यावर स्वतःचे यंत्र बांधण्याचे ठरविले आणि जॉन पिंकर्टन यांच्याकडे बांधणीचे काम सोपविले. या यंत्राला लिओ असे नाव मिळाले. त्यात सुमारे सहा हजार निर्वात नळ्या होत्या. पाऱ्याच्या नळ्यांत ध्वनिलहरी फिरत्या ठेवून साधलेली त्याची स्मृती अवघी दोन हजार शब्दांच्या घरातली होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये भटारखान्यातील मालाच्या मूल्यनिर्धारणाचे काम त्यावर दर आठवड्यास नियमितपणे होऊ लागले. व्यापारी संस्थेचे नित्याचे काम गणकयंत्रावर होण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

पगाराचे काम मात्र आणखी दोन वर्षे रखडले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वैज्ञानिक गणितात यंत्राला थोडी माहिती पुरवावी लागते आणि त्यावर प्रदीर्घ गणना चालते. पगारात नेमके उलट असते: प्रत्येक कामगारामागे पुष्कळ माहिती आत जावी लागते, थोडीशी गणना होते आणि पुन्हा पुष्कळ माहिती बाहेर यावी लागते. केंब्रिजच्या धाटणीच्या यंत्राला हा ओघ झेपणारा नव्हता. चुंबकीय फितीचा एक मार्ग बाहेरच्या कंपनीकडून करवून पाहिला, तो फसला. अखेर छिद्रपत्रे आणि कागदी फिती यांचाच आश्रय करावा लागला. मागील आठवड्यापर्यंतचे जमेचे आकडे एका संचात, या आठवड्याचे तास दुसऱ्या संचात, असे दोन प्रवाह यंत्रात एकत्र येत. आणि पुढील आठवड्यासाठी नवी छिद्रपत्रे तयार होऊन बाहेर पडत. संचयी कराने निर्माण केलेल्या स्मृतीच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने कागदातच शोधण्यात आले.

या रखडलेल्या काळाचा उपयोग लायन्सने कसा केला, हा प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा होय. आज्ञावली लिहिणाऱ्यांचे नेतृत्व डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होते. कॅमिनर आणि त्यांचे पहिले सहकारी डेरेक हेमी हे बाहेरून आणलेले यंत्रतज्ज्ञ नव्हते. ते कंपनीच्याच कार्यालयीन पद्धतींच्या अभ्यासात मुरलेले होते. प्रत्येक नियम ओघचित्राच्या रूपाने कागदावर मांडावयाचा, प्रत्येक वळणावर 'असे नसेल तर काय' हा प्रश्न विचारावयाचा, आणि एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याखेरीज यंत्रावर चढवावयाची नाही, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. कारकुनाच्या आठ मिनिटांतील न बोलता घेतले जाणारे निर्णय अशा रीतीने एकेक करून उजेडात आले.

दुसरी गोष्ट समांतर चाचणीची. यंत्राने काढलेला पगार आणि कारकुनांनी हाताने काढलेला पगार आठवड्यामागून आठवडे शेजारी ठेवून ताडून पाहण्यात आले. फरक आढळला तर चूक यंत्राची की कारकुनाची, की नियमच संदिग्ध आहे, याचा निकाल लावूनच पुढे जावयाचे असे धोरण होते. १९५४ च्या फेब्रुवारीत भटारखान्यातील १,६७० कामगारांचा पगार केवळ यंत्राच्या भरवशावर काढण्यात आला. कारकुनाच्या आठ मिनिटांच्या जागी यंत्राला दीड सेकंद लागू लागला. तीस हजारांहून अधिक नोकरवर्ग असलेल्या कंपनीने प्रारंभासाठी केवळ इतकाच गट निवडावा, यातील सावधपणा ध्यानात घेण्यासारखा आहे. मूल्यनिर्धारण एक दिवस उशिरा झाले तर व्यवस्थापक नाराज होतो. पगार एक दिवस उशिरा झाला तर कामगाराच्या घरी चूल पेटण्याचा प्रश्न येतो. हा भेद लिओच्या कर्त्यांना पूर्णपणे उमगला होता.

४

लिओच्या यशानंतर लायन्सने १९५४ मध्येच गणकयंत्रे बांधून विकणारी स्वतंत्र कंपनी काढली. फोर्ड मोटार कंपनीच्या डॅगनम येथील कारखान्याचा पगारही पुढे लिओवर निघू लागला. त्या कामात, व्यापारी क्षेत्रातील पहिल्या महिला आज्ञावलीकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेरी कूम्ब्स यांचा सहभाग होता. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ च्या प्रारंभी युनिव्हॅक यंत्र बसविले. ऑक्टोबरमध्ये त्यावर पगार निघाला. यंत्र विकत न घेता पगाराचे कामच बाहेर सोपविण्याचा मार्ग याच्याही आधी निघाला होता. १९४९ साली हेन्री टॉब यांनी न्यू जर्सीतील पॅटरसन येथे इतरांचे पगार काढून देणारी एक छोटी कंपनी काढली. तीच पुढे ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग या नावाने जगभर पसरली.

यानंतरच्या टप्प्यात एक मूलगामी बदल झाला. लायन्सची आज्ञावली लायन्ससाठीच लिहिली होती. आता एकदा लिहिलेली आज्ञावली अनेकांना विकण्याचा धंदा उभा राहिला. आय. बी. एम. सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापन केली. तिच्या पहिल्याच ग्राहकासाठी, म्हणजे ओस्ट्रिंगन येथील नायलॉनच्या कारखान्यासाठी, केलेल्या कामात वेतनगणनेचा समावेश होता. १९८७ साली डेव्हिड डफील्ड व केन मॉरिस यांनी कॅलिफोर्नियात पीपलसॉफ्ट काढली. तिने पगार, रजा, नेमणूक, बढती व सेवापुस्तक ही सर्व एका माहितीकोशात गुंफली. पगार काढणे हे आता 'मनुष्यबळ-व्यवस्थापन' या मोठ्या इमारतीतील एक दालन झाले.

या बदलाचे लाभ नाकारता येणार नाहीत. विखुरलेल्या वह्यांतून जो प्रश्न विचारणेच शक्य नव्हते, तो एकत्र कोशातून विचारता येऊ लागला. एकाच दर्जाच्या कामासाठी स्त्रियांना पुरुषांहून किती कमी मिळते, हा असा एक प्रश्न. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अडीचशे किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या संस्थांवर स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत प्रसिद्ध करण्याचे बंधन आले. हे बंधन पाळणे व्यवहार्य झाले यात अशा माहितीकोशांचा वाटा आहे.

परंतु तयार आज्ञावलीच्या पोटी एक गृहीतकही आले: वेतनाचे नियम सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखेच असतात, आणि जो फरक असेल तो 'जुळवून घेण्याची' बाब आहे. नियम शोधून काढणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांच्यात आता अंतर पडले. पूर्वी हे दोघे एकाच इमारतीत बसत; आता त्यांच्यामध्ये एक कंत्राट आले. या अंतराची किंमत पुढील दोन उदाहरणांत दिसून येते.

५

क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात सुमारे ७८,००० नोकर होते. परिचारिका, डॉक्टर, स्वयंपाकघरांचे कर्मचारी अशा नाना वर्गांना निरनिराळे निवाडे व करार लागू होते. भत्त्यांचे प्रकारच दोनशेंहून अधिक होते. हे सर्व नियम एकमेकांत मिसळून वेतनगणनेच्या सुमारे २४,००० निरनिराळ्या जुळण्या तयार होत. रुग्णालयात पाळ्या ऐनवेळी बदलतात, एकीच्या जागी दुसरी उभी राहते, आणि कोणी किती वेळ काम केले हे पुष्कळदा मागाहून नोंदले जाते. जुनी प्रणाली जीर्ण झाली होती हे खरे. पण तिच्या भोवती जमलेल्या कारकुनांच्या वहिवाटींमुळे ती चालत होती.

सॅपच्या आज्ञावलीवर आधारलेली नवी प्रणाली मार्च २०१० मध्ये चालू करण्यात आली. तिच्यातील दोष आधीच ठाऊक होते. तरीही, जुनी प्रणाली केव्हाही कोसळेल या भीतीने, संपूर्ण समांतर चाचणी न घेताच नवी चालू करण्याचा निर्णय झाला. पहिल्याच पगारापासून काहींना कमी, काहींना जास्त व काहींना काहीच न मिळण्याचे प्रकार सुरू झाले. केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१२ च्या पाहणीत असे दिसून आले की, ही 'स्वयंचलित' प्रणाली चालू ठेवण्यासाठी हजारांहून अधिक माणसे राबत असून दर पंधरवड्याला सुमारे ९२,००० नमुन्यांवर दोन लाखांहून अधिक क्रिया हाताने कराव्या लागत होत्या. एकूण खर्चाचा अंदाज सव्वाशे कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या जवळपास गेला. निवृत्त न्यायाधीश रिचर्ड चेस्टरमन यांच्या चौकशी आयोगाने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रकरणाची गणना देशातील सार्वजनिक प्रशासनाच्या सर्वांत मोठ्या अपयशांत केली.

येथे एक विपर्यास दिसतो. कारकुनाचे काम यंत्राने करावे म्हणून खटाटोप झाला. परिणामी कारकुनांची संख्या वाढली. मात्र हे नवे कारकून निराळ्या जातीचे होते. ज्या विभागाचा पगार आपण काढतो तेथील माणसे व तेथील रीत ठाऊक असलेला तो जुना कारकून नव्हे. यंत्राच्या चुका निस्तरण्यासाठी बसविलेला हा नवा कारकून होता.

६

कॅनडाचे प्रकरण अधिक विस्तृत व अधिक बोधप्रद आहे. तेथील केंद्र सरकारची वेतनप्रणाली सुमारे चाळीस वर्षे जुनी झाली होती. ती बदलण्याचा उपक्रम २००९ साली सुरू झाला. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग पगाराच्या कामाचे केंद्रीकरण करण्याचा: निरनिराळ्या खात्यांतील वेतन-सल्लागारांची सुमारे १,२०० पदे रद्द करून त्यांच्या जागी न्यू ब्रन्झविक प्रांतातील मिरामिची या गावी सुमारे ५५० जणांचे एकच केंद्र उभारावयाचे. दुसरा भाग नव्या आज्ञावलीचा: पीपलसॉफ्टवर आधारलेली, फीनिक्स नावाची प्रणाली. या दोहोंतून दर वर्षी सात कोटी डॉलरांची बचत होईल, असा अंदाज होता.

या योजनेतील क्रम पाहण्यासारखा आहे. फीनिक्स पूर्णपणे उभी राहण्यापूर्वीच जुने सल्लागार निघून जाऊ लागले. मिरामिचीला जाण्यास त्यांतील फारच थोडे तयार झाले. म्हणजे वेतनाच्या ऐंशी हजारांहून अधिक नियमांपैकी कोणता नियम कोठे व कसा लागू होतो हे ज्यांना अनुभवाने ठाऊक होते, तीच माणसे, नियम यंत्रात भरण्याच्या ऐन वेळी, हाताशी राहिली नाहीत. दरम्यान अंदाजपत्रक आवाक्यात ठेवण्यासाठी आज्ञावलीतील काही कार्ये वगळण्यात आली किंवा पुढे ढकलण्यात आली. मागील तारखेपासून लागू होणाऱ्या वेतनाची गणना हे त्यांतील एक होते. ज्या सरकारात वेतनकरार बहुधा मागील तारखेपासून लागू होतात, तेथे ही गणना वगळणे म्हणजे वेतनगणनेचा गाभाच वगळणे होय. एका खात्यापुरती प्रायोगिक चाचणी घेण्याचे ठरले होते; ती रद्द झाली.

२०१६ च्या फेब्रुवारीत पहिल्या व एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्याने १०१ खात्यांतील सुमारे २,९०,००० नोकर फीनिक्सखाली आले. पुढे जे घडले त्याची साक्ष महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांच्या २०१७ व २०१८ च्या अहवालांत आहे. जून २०१७ अखेर दीड लाखांहून अधिक नोकरांच्या तक्रारी व विनंत्या निर्णयाविना पडून होत्या, आणि चुकांची एकूण रक्कम ५२ कोटी डॉलरांहून अधिक होती. ज्यांना जास्त रक्कम गेली तेही सुखी नव्हते. हाती पडली त्याहून मोठी, करापूर्वीची रक्कम परत करण्याचा तगादा त्यांच्यामागे लागला. पुढे सरकारला नोकरांच्या संघटनांशी भरपाईचे करार करावे लागले. फर्ग्युसन यांनी या प्रकरणाला अनाकलनीय अपयश म्हटले. आणि त्याचे मूळ त्यांनी यंत्रात न शोधता, वरिष्ठांना अप्रिय वार्ता न कळविणाऱ्या कार्यालयीन संस्कृतीत शोधले.

लायन्स आणि कॅनडा यांची तुलना विषम आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. एकीकडे १,६७० भटारी, दुसरीकडे सुमारे तीन लाख सरकारी नोकर. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो जितका निर्णायक वाटतो तितका नाही. लायन्सनेही एका उडीत सर्व नोकरांचा पगार यंत्रावर नेला नव्हता. लहान गट निवडणे ही परिस्थितीची देणगी नसून तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. कॅनडालाही तसा निर्णय घेता आला असता. नव्हे, प्रायोगिक चाचणीच्या रूपाने तो घेतलाही गेला होता व मग मागे घेण्यात आला. भेद आकारमानात आहे तसाच तो क्रमातही आहे, आणि क्रम हा माणसांच्या हाती असतो.

७

या संदर्भात आपल्याकडील अनुभवाकडे वळणे उचित होईल. कारण 'आधी नियम, मग यंत्र' या क्रमातील पहिल्या पायरीसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांना किती झगडावे लागले, हे आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत एकाच कामाचा दर गिरणीगणिक वेगळा असे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात वेतनाच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न केंद्रस्थानी होता. संप मिटताना नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ मध्ये अहवाल दिला. पण प्रश्न सुटला नाही. औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने सव्वीस दिवसांच्या कामासाठी किमान तीस रुपये मूळ वेतन ठरवून निरनिराळ्या कामांचे दर प्रमाणित केले. महागाई भत्ता याहून वेगळा. म्हणजे पगारपत्रकातील एक रकाना निश्चित होण्यास सुमारे वीस वर्षे लागली, आणि तो निश्चित झाला तो गणिताने नव्हे, तर संघर्षाने व निवाड्याने. पगार केव्हा द्यावा व त्यातून काय कापावे याचे नियमन त्यापूर्वीच १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने केले होते. हजारापेक्षा कमी कामगार असतील तेथे सातव्या दिवसाच्या आत, इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा, असे बंधन त्याने घातले.

१९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे आणण्याचा प्रश्न निघाला तेव्हा, विशेषतः कलकत्त्यास, कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला. १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. तो वाद मुख्यत्वे रोजगाराच्या अंगाने झाला, आणि त्या काळच्या परिस्थितीत ते स्वाभाविकच होते. यंत्रामुळे किती कारकून घरी बसतील, असे तेव्हा विचारले गेले. त्या कारकुनांबरोबर कोणते ज्ञान घरी जाईल, हा प्रश्न मात्र मागे राहिला. क्वीन्सलँड व कॅनडा यांच्या अनुभवानंतर पाहता हे दोन प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या असे दिसते.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांची वेतनदेयके 'सेवार्थ' प्रणालीतून व शाळांतील शिक्षकांची 'शालार्थ' प्रणालीतून तयार होऊ लागली, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. वेतन आयोगाची थकबाकी, वेतननिश्चिती, खंडित सेवा यांसारख्या बाबी प्रत्येक कार्यालयातील आस्थापना लिपिक अद्यापही कशा सोडवितात, त्यांतील किती नियम प्रणालीत आहेत आणि किती त्या लिपिकाच्या स्मरणात व त्याच्या खासगी टिपणवहीत आहेत, याचा पद्धतशीर अभ्यास हा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगा विषय आहे. त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याच विद्यापीठाच्या वेतन विभागातून प्रारंभ करता येईल. मात्र हा अभ्यास ते लिपिक निवृत्त होण्यापूर्वी व्हावयास हवा.

८

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वेतनगणनेच्या यंत्रीकरणाचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिता येणार नाही. तो नियमांच्या लेखनाचा इतिहास म्हणूनही लिहावा लागेल. लिओची खरी कामगिरी दीड सेकंदाच्या वेगात नाही. त्या आधीच्या दोन-तीन वर्षांत काढलेल्या ओघचित्रांत व ताडून पाहिलेल्या आकड्यांत ती आहे.

दुसरा निष्कर्ष असा की, ज्याला आपण 'कारकुनी काम' म्हणून हिणवितो त्यात निर्णयशक्तीचा अंश असतो, व तो कोणत्याही आस्थापनेच्या पदसूचीत दिसत नाही. पदसूची पाहून पदे कमी करणाऱ्यास तो अंश दिसत नाही. पगाराच्या दिवशी मात्र त्याचा अभाव सर्वांना दिसतो.

तिसरा निष्कर्ष या दोहोंहून गंभीर आहे. कारकुनाची चूक झाली तर कामगार त्याच्या मेजापाशी जाऊन विचारू शकत असे. चूक कबूल करणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता. यंत्राच्या चुकीला असा धनी उरला नाही: खाते कंत्राटदाराकडे बोट दाखविते, कंत्राटदार करारनाम्याकडे, आणि करारनाम्यात तो प्रश्नच आलेला नसतो. मिरामिचीच्या केंद्राकडे पाठविलेल्या अर्जाच्या उत्तराची महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या नोकराची अडचण केवळ पैशाची नव्हती. आपल्या श्रमाचा हिशेब कोणाला विचारावयाचा, हेच त्याला ठाऊक नव्हते.

वेतन हे श्रमाचे मोल आहे, तसेच ते दिलेल्या वचनाचे पालनही आहे. मोल यंत्राने काढावे. त्यात गैर काही नाही. वचनाचा जाब देण्यास मात्र माणूसच असावा लागतो, आणि ही गोष्ट लायन्सच्या भटारखान्यातील पगार काढणाऱ्यांनी यंत्राच्या अगदी पहिल्या पिढीतच ओळखली होती.